‘व्हॅलिअंट’ आणि चार शिलिंगांचा रोज

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



युद्धनौकांचे इतिहास बहुधा आरमाराच्या कचेऱ्यांत लिहिले जातात. नौकेचे वजन किती, तोफा किती, वेग किती, कोणत्या लढाईत तिने कोणाला बुडविले, एवढे सांगून झाले की ते संपतात. ती बांधणाऱ्या हातांना मजुरी काय मिळत होती, बाष्पके कोणाच्या भूमीतल्या तेलावर पेटत होती आणि आतल्या हजारबाराशे माणसांचा रोज कोण ठरवीत होते, हे प्रश्न त्या इतिहासात येत नाहीत. ब्रिटिश आरमाराच्या ‘व्हॅलिअंट’ या नौकेचे आयुष्य या प्रश्नांच्या अनुरोधाने तपासण्यासारखे आहे. ३१ जानेवारी १९१३ रोजी तिचा पाया घातला गेला आणि १९४८ साली ती भंगारात विकली गेली. या पस्तीस वर्षांत दोन महायुद्धे झाली, एक मजूर मंत्रिमंडळ कोसळले, पौंडाचे सोन्याशी असलेले नाते तुटले आणि हिंदुस्थानातील शेतकऱ्याच्या घरातले किडुकमिडुक लंडनला गेले. यांतील प्रत्येक घटनेशी या नौकेचा कोठे जवळचा तर कोठे दूरचा संबंध आहे.

‘व्हॅलिअंट’ ही ‘क्वीन एलिझाबेथ’ वर्गातील पाच नौकांपैकी एक. पंधरा इंची आठ तोफा, एकेका गोळ्याचे वजन सुमारे ८७० किलो, आणि ताशी चोवीस नॉटपर्यंत वेग. परंतु या वर्गाचे खरे वैशिष्ट्य तोफांत नव्हते, ते इंधनात होते. केवळ तेलावर चालणाऱ्या या पहिल्या ब्रिटिश युद्धनौका. त्यापूर्वीचे आरमार वेल्सच्या खाणीतील कोळशावर चाले. तेलाचे तांत्रिक फायदे उघड होते. तेवढ्याच वजनात उष्णता अधिक, भर समुद्रात इंधन भरण्याची सोय आणि भट्टीपुढे फावडे मारणाऱ्या माणसांची बचत. कोकणातल्या बोटीवरच्या माणसांना ‘आगवाला’ हा शब्द परिचित आहे. त्या आगवाल्याचे काम या नौकांवर पुष्कळच हलके आणि थोडे झाले. पण काळही ध्यानात घेतला पाहिजे. १९१० साली टोनीपँडीच्या खाणकामगारांच्या संपाच्या वेळी वेल्समध्ये सैन्य धाडणारे गृहमंत्री विन्स्टन चर्चिल १९११च्या ऑक्टोबरात आरमारमंत्री झाले, आणि १९१२ साली किमान वेतनासाठी ब्रिटनमधील जवळजवळ दहा लक्ष खाणकामगारांनी संप केला. ज्या इंधनाच्या उत्पादनावर संघटित कामगारांचा हात आहे त्यावर साम्राज्याचे आरमार अवलंबून असणे राज्यकर्त्यांना खुपत होते, असे काही अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

ब्रिटनच्या भूमीत मात्र असे तेल नव्हते. १९१४च्या जूनमध्ये पार्लमेंटने अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचे बहुसंख्य भाग सरकारने विकत घेण्यास मान्यता दिली. इराणच्या भूमीतील तेल असे ब्रिटिश आरमाराच्या टाक्यांत आले. डॉ. मोसादेक यांनी १९५१ साली त्या कंपनीचे राष्ट्रीयीकरण केले आणि १९५३ साली परकी कारस्थानाने त्यांना पदच्युत करण्यात आले, ती कथा येथून सुरू होते. याच वर्गातील ‘मलाया’ नावाची भगिनी-नौका मलायातील संघराज्याच्या तिजोरीतून बांधली गेली, सुमारे २९ लक्ष पौंड खर्चून. सुलतानांनी राजनिष्ठेची भेट दिली असे वर्णन करण्याची पद्धत आहे. त्या तिजोरीत पैसा येत होता तो कथील आणि रबर यांवरील करांतून, म्हणजे चिनी खाणमजूर आणि तामिळ मळेमजूर यांच्या घामातून. त्यांना कोणी विचारले नव्हते.

‘व्हॅलिअंट’ बांधली गेली ग्लासगोच्या गोव्हन भागातील फेअरफील्ड कारखान्यात. ४ नोव्हेंबर १९१४ रोजी ती पाण्यात उतरली. त्यानंतर सव्वा वर्ष तिची यंत्रे, तोफा आणि चिलखत बसविण्याचे काम चालले होते. नेमके याच सव्वा वर्षात गोव्हनमध्ये जे घडले ते कार्यकर्त्यांनी नीट समजून घेण्यासारखे आहे. युद्धसामग्रीच्या कामासाठी क्लाइड नदीकाठी कामगारांचे लोंढे आले. खोल्या तेवढ्याच राहिल्या. घरमालकांनी भाडी वाढविली. पुरुष आघाडीवर गेले होते. त्यांच्या बायकांना घराबाहेर काढण्याच्या नोटिसा येऊ लागल्या. तेव्हा मेरी बार्बर यांच्या पुढाकाराने गोव्हनच्या स्त्रियांनी वाढीव भाडे देण्याचे नाकारले. खोली खाली करून घेण्यासाठी न्यायालयाचा माणूस आला की चाळीच्या जिन्यात बायका दाटीने उभ्या राहत आणि त्याच्यावर पिठाचा मारा करून त्याला परत पाठवीत. १७ नोव्हेंबर १९१५ रोजी भाडेकरूंवरील खटल्याची सुनावणी होती. त्या दिवशी गोदी-कारखान्यांतील कामगार काम टाकून न्यायालयावर चालून गेले. खटले मागे घ्यावे लागले आणि वर्ष संपण्यापूर्वी घरभाडी गोठविणारा कायदा पार्लमेंटने केला. मुंबईतही भाड्याला आळा घालणारा युद्धकालीन कायदा १९१८ साली आला, ही गोष्ट येथे सहज आठवते.

फेअरफील्डमध्येही शांतता नव्हती. १९१५च्या युद्धसामग्री कायद्याने संपाला बंदी घातली होती आणि मालकाच्या दाखल्यावाचून नोकरी सोडणे अशक्य केले होते. ऑगस्टमध्ये दोन सुतारांना काढून टाकल्याबद्दल तेथील जहाजसुतारांनी काम बंद केले. सतरा जणांना दंड झाला. तिघांनी तो भरण्याचे नाकारले आणि ते तुरुंगात गेले. ज्या गोदीत ‘व्हॅलिअंट’ उभी होती त्या गोदीतल्या कामगाराची ही कथा आहे. राष्ट्रासाठी त्याने तातडीने नौका पुरी करावी, पण राष्ट्रासाठी भाडे थोडे कमी घ्यावे असे घरमालकाला कोणी सांगू नये, हा त्या वेळचा न्याय होता.

१९१६च्या आरंभी नौका आरमारात दाखल झाली आणि ३१ मे रोजी जटलंडच्या लढाईत उतरली. या लढाईवर ग्रंथच्या ग्रंथ आहेत, त्यांत भर घालण्याचे कारण नाही. ‘व्हॅलिअंट’ने पंधरा इंची २८८ गोळे डागले आणि स्वतः एकही थेट आघात न खाता ती परतली. तिच्याबरोबर लढणाऱ्या ‘बारहॅम’, ‘वॉरस्पाइट’ व ‘मलाया’ या तिन्ही नौका जखमी झाल्या होत्या. ब्रिटनची सहा हजारांहून अधिक माणसे त्या एका दिवस-रात्रीत मेली आणि जर्मनीची अडीच हजारांवर. दोन्ही बाजूंनी विजयाचा दावा केला. पुढे ऑगस्टमध्ये ‘व्हॅलिअंट’ आणि ‘वॉरस्पाइट’ यांची आपसांतच टक्कर झाली व दोघींनाही दुरुस्तीला जावे लागले. शत्रूला जे साधले नाही ते स्वकीयांनी केले, असे खलाशांनी म्हटले असल्यास नवल नाही.

१९३१ साली ही नौका अटलांटिक आरमारात होती. त्या वर्षी ब्रिटनमधील बेकारी पंचवीस लक्षांच्या वर गेली होती. रॅम्से मॅकडोनल्ड यांचे मजूर मंत्रिमंडळ अधिकारावर होते आणि अर्थमंत्री होते फिलिप स्नोडेन. दोघेही समाजवादी चळवळीत वाढलेले. पहिल्या महायुद्धाला विरोध केल्याबद्दल दोघांनीही शिव्याशाप सोसले होते. तोफांच्या कारखानदारांची मक्तेदारी स्नोडेन यांनी १९१४ साली पार्लमेंटमध्ये उघडी केली होती. १९३१च्या जुलैअखेर मे समितीचा अहवाल आला: तूट भरून काढण्यासाठी सरकारी खर्च ९६ दशलक्ष पौंडांनी कमी करा, बेकारभत्ता कापा, शिक्षकांचे व सैनिकांचे वेतन कापा. लंडनमधून सोने बाहेर चालले होते आणि कर्ज देण्यास तयार असलेल्या पेढ्यांना कपातीची हमी हवी होती. बेकारभत्त्यात दहा टक्के कपात करावी की नाही यावर मंत्रिमंडळ दुभंगले. २४ ऑगस्टला मॅकडोनल्ड यांनी राजीनामा दिला आणि त्याच दिवशी हुजूर व उदारमतवादी पक्षांना बरोबर घेऊन ‘राष्ट्रीय’ सरकारचे पंतप्रधान म्हणून ते पुन्हा स्थानापन्न झाले. पक्षाने त्यांना काढून टाकले. १० सप्टेंबरला स्नोडेन यांनी कपातीचे अंदाजपत्रक मांडले.

या कपातीत खलाशांचा वाटा कसा ठरला ते पाहण्यासारखे आहे. १९२५च्या ऑक्टोबरपूर्वी भरती झालेल्या साध्या खलाशाला दिवसाला चार शिलिंग मिळत, नंतरच्यांना तीन. आता जुन्यांनाही तीनच देण्याचे ठरले. म्हणजे थेट पंचवीस टक्के कपात. अधिकाऱ्यांच्या वाट्याला आलेली कपात टक्केवारीने पुष्कळच कमी होती. जुना खलाशी म्हणजे लग्न झालेला, दोन मुले असलेला, बंदराच्या गावी भाड्याच्या खोलीत कुटुंब ठेवलेला माणूस. आठवड्याचे अठ्ठावीस शिलिंग त्याने आधीच वाटून टाकलेले असत. त्यांतून एकदम सात गेले, तर उरलेल्यांत भाडे द्यायचे की पोराच्या बुटांचा हप्ता, हा प्रश्न त्याच्या बायकोपुढे होता. एका शिलिंगाचा हा फरक लंडनच्या कोणाही मंत्र्याच्या ध्यानात आला नसावा.

आणि ही बातमी खलाशांना कोणी सांगितली? आरमार खात्याचे पत्र सरसेनापतींच्या नावे गेले होते. ते आजारी होते. त्यांच्या जागी असलेल्या रिअर अॅडमिरल टॉमकिन्सन यांच्या हाती कागद पोहोचण्यापूर्वी स्कॉटलंडमधील इन्व्हरगॉर्डन बंदरात नांगरलेल्या आरमाराने ती वृत्तपत्रांतून वाचली. १२ ते १४ सप्टेंबर या तीन दिवसांत किनाऱ्यावरील उपाहारगृहात व खेळाच्या मैदानावर सभा झाल्या. एरवी एका नौकेचा खलाशी दुसऱ्या नौकेच्या खलाशाशी फुटबॉलपलीकडे फारसे बोलत नसे. आता त्यांना विषय एकच होता.

मंगळवार, १५ सप्टेंबर. त्या दिवशी कवायतीसाठी मोठ्या नौकांनी समुद्रात जायचे होते आणि ‘व्हॅलिअंट’ त्यांत होती. सकाळी हुकूम सुटले. अधिकाऱ्यांनी नौका हलविण्याची तयारी सुरू केली. पण कामावर इतकी थोडी माणसे आली की निघणे अशक्य झाले. खलाशी पुढच्या डेकवर जमले होते. शेजारच्या ‘रॉडनी’वरही तेच. एका नौकेवरून जयघोष झाला की तो नौकेनौकेवरून पुढे जाई. संप टिकून आहे एवढाच निरोप त्या आरोळीतून पोहोचे. सुमारे बारा हजार माणसांचे आरमार दोन दिवस हलले नाही. अत्यावश्यक कामे चालू होती, रुग्णांकडे लक्ष होते, कोणा अधिकाऱ्यावर हात उगारला गेला नाही. ‘नॉरफोक’ या क्रूझरवर लेन विनकॉट आणि फ्रेड कोपमन यांच्या भोवती जमलेल्या खलाशांनी एक निवेदन तयार केले. त्यात कपात करू नका असेही म्हटले नव्हते; झेपेल एवढी कपात करा, असे म्हटले होते. सरकारी भाषेत याला ‘बंड’ म्हणतात आणि आरमाराच्या कायद्याप्रमाणे बंडाला देहान्तापर्यंत शिक्षा होती. खलाशांना ते ठाऊक होते.

१६ तारखेला सरकारने नमते घेतले. नौकांनी आपापल्या बंदरी जावे, अडचणींची चौकशी होईल, असे आदेश निघाले. कपात दहा टक्क्यांवर आली. कोणालाही शिक्षा होणार नाही असे सांगण्यात आले होते. पुढे चोवीस जणांना पुढारी ठरवून काढून टाकण्यात आले, आणि त्यानंतर निरनिराळ्या निमित्तांनी शेकडोंना घरचा रस्ता दाखविण्यात आला. टॉमकिन्सन यांच्यावरही ठपका आला, कारण त्यांनी गोळीबाराऐवजी समजुतीचा मार्ग धरला होता. अटलांटिक आरमाराचे नावच पुढच्या वर्षी बदलण्यात आले.

एवढ्याने ही घटना संपत नाही. ब्रिटिश आरमारात बंड झाल्याच्या वार्तेने परदेशी ठेवीदार घाबरले, पौंडावरचा ताण असह्य झाला आणि २१ सप्टेंबर १९३१ रोजी ब्रिटनने सुवर्णपरिमाण सोडले. जे वाचविण्यासाठी मॅकडोनल्ड यांनी पक्ष सोडला, बेकारांचा घास कापला, ते महिनाभरात गेले. ते गेल्यावर आकाश कोसळले नाही, हेही खरे. सुवर्णपरिमाण सोडता येते हे आपणांस कोणी सांगितलेच नव्हते, असे उद्गार माजी मजूर मंत्र्यांपैकी एकाच्या नावावर सांगितले जातात. ते खरे असोत वा नसोत, त्या मंत्रिमंडळाची मनःस्थिती त्यांत नेमकी पकडली आहे.

याच दिवसांत लंडनमध्ये दुसरी गोलमेज परिषद चालू होती. गांधीजी १२ सप्टेंबरला लंडनला पोहोचले; म्हणजे इन्व्हरगॉर्डनच्या सभांना सुरुवात झाली त्याच शनिवारी. ते पूर्व लंडनच्या कामगारवस्तीत, किंग्जली हॉलमध्ये उतरले होते. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ सालीच ग्रंथ लिहिणारे डॉ. आंबेडकरही परिषदेसाठी लंडनमध्ये होते. हिंदुस्थानचे हे दोन्ही प्रतिनिधी हजर असताना त्यांना न विचारता रुपयाचे भवितव्य ठरले. पौंड सोन्यापासून मोकळा झाला, पण रुपया मात्र एक शिलिंग सहा पेन्सांच्या दराने पौंडाला बांधलेलाच राहिला. सोन्याचा रुपयांतील भाव चढला. मंदीने धान्याचे आणि कापसाचे भाव कोसळलेले, सावकाराचे व्याज आणि सरकारचा सारा मात्र जुन्याच आकड्यात. अशा वेळी कुणब्याने घरातले डाग मोडायला काढले. ते सोने गावच्या सराफाकडून मुंबईला आणि मुंबई बंदरातून लंडनला गेले. पुढची काही वर्षे कोट्यवधी रुपयांचे सोने असे गेले व त्याने पौंड सावरला. ‘व्हॅलिअंट’च्या खलाशाचा एक शिलिंग आणि वऱ्हाडातल्या बाईच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ यांचा हिशेब एकाच वहीत मांडला गेला होता. त्या दोघांना मात्र एकमेकांचा पत्ता नव्हता.

त्यानंतर १९३७ ते १९३९ या काळात नौकेची जवळजवळ नव्याने बांधणी झाली आणि ती दुसऱ्या महायुद्धात उतरली. तिची पहिली मोठी कामगिरी शत्रूविरुद्ध नव्हतीच. ३ जुलै १९४० रोजी अल्जीरियातील मेर्स-एल्-केबीर येथे ‘हूड’ आणि ‘रेझोल्यूशन’ यांच्यासह तिने फ्रेंच आरमारावर तोफा डागल्या. फ्रान्सने शस्त्रसंधी करून दोन आठवडेही झाले नव्हते. ते आरमार हिटलरच्या हाती पडू नये हा हेतू होता. काही मिनिटांत सुमारे तेराशे फ्रेंच खलाशी मेले. फॅसिझमविरुद्धचे युद्ध अटळ होते असे मानणाऱ्यांनीही ही तेराशे नावे विसरू नयेत. पुढे १९४१च्या मार्चमध्ये माटापानच्या रात्री इटलीच्या तीन क्रूझर बुडविण्यात ती होती. तेथे एक राजपुत्र प्रखर दिव्यावर काम करीत होता एवढीच आठवण वृत्तपत्रे आळवीत राहिली. पाण्यात मेलेले दोन हजारांहून अधिक इटालियन कोण होते हे त्यांनी विचारले नाही.

१९ डिसेंबर १९४१ची अलेक्झांड्रियाची पहाट मात्र सांगितलीच पाहिजे. इटलीचे सहा पाणबुडे तीन पाणतीरांवर स्वार होऊन बंदरात शिरले. त्यांतील लुइजी दुरान्द दे ला पेन्ने आणि एमिलिओ बिआंकी यांनी ‘व्हॅलिअंट’च्या तळाखाली स्फोटक ठेवले आणि ते पकडले गेले. कॅप्टन मॉर्गन यांनी विचारले, स्फोटक कोठे आहे? उत्तर मिळाले नाही. तेव्हा दोघांना नौकेच्या तळाशी कोंडण्यात आले. स्फोटाला थोडी मिनिटे उरली असता दे ला पेन्ने यांनी निरोप पाठविला: नौका आता उडेल, माणसे वाचवा, पण जागा तरीही सांगितली नाही. स्फोट झाला, नौका उथळ पाण्यात तळाला टेकली, दोघेही कैदी वाचले. पुढे १९४५च्या मार्चमध्ये, इटली दोस्तांच्या बाजूला आल्यानंतर, दे ला पेन्ने यांना मिळालेले सुवर्णपदक त्यांच्या छातीवर मॉर्गन यांनीच लावले. देशाचे शत्रू-मित्र बदलले तरी या दोन माणसांना एकमेकांचा तिटकारा कधी वाटला नव्हता, असे दिसते.

डर्बनला डागडुजी होऊन, सालेर्नोचा किनारा पाहून, नौका १९४४ साली हिंदी महासागरात आली. सिलोनच्या त्रिंकोमालीहून निघून तिने सुमात्रालगतच्या साबांगवर हल्ला केला. त्या वर्षी ८ ऑगस्टला तिचा घात झाला, तोही शत्रूकडून नव्हे. त्रिंकोमालीच्या तरत्या गोदीत तिला चढवीत असताना गोदीच्या टाक्यांतील पाणी चुकीच्या क्रमाने उपसले गेले. नौकेत दारूगोळा पूर्ण भरलेला होता. गोदीचा कणा मोडला, ती बुडाली. ‘व्हॅलिअंट’ कशीबशी बाहेर पडली, पण तिचे आतले दोन पंखे आणि एक सुकाणू निकामी झाले. ताशी आठ नॉटने खुरडत ती सुएझपर्यंत गेली. तेथे पाणबुड्यांनी तिच्या पंख्यांचे दांडे कापून टाकले तेव्हा कोठे ती ब्रिटनला पोहोचू शकली. १९४५च्या जुलैत तिची लढाऊ नौका म्हणून असलेली सेवा संपली आणि डेव्हनपोर्टच्या गोदीत आगवाल्यांच्या प्रशिक्षणशाळेचा एक भाग म्हणून ती उभी राहिली. त्याच महिन्यात ब्रिटिश मतदारांनी क्लेमंट अॅटली यांच्या मजूर पक्षाला प्रचंड बहुमताने निवडून दिले.

ती अशी बांधलेली असताना, १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या शिक्षणकेंद्रातील हिंदी नाविकांनी निकृष्ट अन्न आणि अपमान यांच्याविरुद्ध काम बंद केले. पाहता पाहता अठ्ठ्याहत्तर नौका आणि सुमारे वीस हजार नाविक त्यांत आले. येथेही मागणी जेवणाची आणि वेतनाची होती. तिच्या जोडीला आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका आणि स्वातंत्र्य यांची मागणी होती. इन्व्हरगॉर्डनला एकही गोळी सुटली नव्हती. मुंबईत नाविकांना पाठिंबा देण्यासाठी गिरणगाव रस्त्यावर आला तेव्हा दोनशेहून अधिक माणसे सरकारी गोळ्यांना बळी पडली. लंडनमध्ये तेव्हा अॅटली यांचे सरकार होते. अरुणा असफअली नाविकांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. काँग्रेस आणि लीग या दोन्ही पक्षांच्या श्रेष्ठींनी शरण जाण्याचा सल्ला दिला. २३ तारखेला नाविकांनी शस्त्रे खाली ठेवली. बडतर्फ झालेल्या नाविकांना पुढे स्वतंत्र भारताच्या आरमाराने परत घेतले नाही आणि पाकिस्ताननेही नाही. इन्व्हरगॉर्डनच्या चोवीस जणांनाही कोणी परत बोलावले नव्हते. त्यांपैकी कोपमन स्पेनमध्ये फ्रँकोविरुद्ध लढले. विनकॉट सोव्हिएत रशियात गेले, त्यांनी लेनिनग्राडचा वेढा सोसला आणि नंतर स्टालिनच्या छळछावणीतही काही वर्षे काढली.

‘व्हॅलिअंट’ १९४८च्या मार्चमध्ये भंगारवाल्यांना विकली गेली. ऑगस्टात तिला ओढून स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील केर्नरायन येथे नेण्यात आले. क्लाइडकाठच्या रिवेट ठोकणाऱ्यांनी जोडलेले पत्रे तेथे एकेक करून सुटे केले गेले.